पक्षाघातानंतर दमसास पुन्हा कमावताना : घरच्या घरी करायच्या एरोबिक व्यायामाची पद्धत

कोल्हापूरच्या पेठांमध्ये आजही एखाद्याला पक्षाघात झाला की 'अंगावरून वारं गेलं' असेच म्हणतात. रुग्ण घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा हात उचलून बघतो, बोटे हलतात का ते विचारतो, पाऊल नीट टेकते का ते पाहतो. सोप्यातून न्हाणीघरापर्यंत जाऊन परत येताना त्याला किती धाप लागली, हे मात्र कोणी विचारत नाही. या शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. रुग्णाला खुर्चीत अडकवून ठेवण्यात अशक्त पायाचा जेवढा वाटा असतो, तेवढाच गेलेल्या दमसासाचाही असतो आणि मोजूनमापून मेहनत केली तर तो दमसास बऱ्याच अंशी परत मिळवता येतो. तालमींच्या गावात दमसास म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तो आजारातून उठलेल्या माणसाचाही कमावता येतो, एवढेच पटवावे लागते.

एरोबिक व्यायाम म्हणजे मोठ्या स्नायूंची, एका लयीत, काही मिनिटे सलग चालणारी अशी हालचाल, की जिच्यामुळे श्वास आणि नाडी वाढते, पण माणूस गळून जात नाही. चालणे, सायकलचे पायडल मारणे, खुर्चीत बसून पाय आळीपाळीने उचलणे हे सगळे त्यात येते. बोटांचे व्यायाम, ताण देण्याचे व्यायाम आणि मालिश यांची जागा वेगळी आहे. तेलाने मालिश केल्यावर रुग्णाला बरे वाटते हे खरे, परंतु त्याने हृदयाची आणि फुप्फुसांची क्षमता वाढत नाही.

ही क्षमता किती लवकर जाते याचे एक जुने आणि बोलके उदाहरण आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून ठेवण्यात आले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही त्या तीन आठवड्यांइतके नुकसान केले नव्हते असे दिसले. विशीतल्या धडधाकट माणसाची ही गत होते, तर साठीतल्या, रक्तदाब आणि साखर असलेल्या, एक बाजू लुळी पडलेल्या माणसाचे काय होत असेल याची कल्पना करावी. त्यातच पक्षाघातानंतरची चाल महागडी असते. पाय फेकत, कंबर उचलत चालताना तेवढ्याच अंतरासाठी दीडपट, कधी दुप्पट शक्ती खर्ची पडते. मिळकत निम्म्यावर आली आणि खर्च दुप्पट झाला, तर घर जसे अडचणीत येते, तसेच या शरीराचे होते. म्हणून 'ते आता फार थकतात, त्यांना उठवत नाही' हे घरच्यांचे वाक्य प्रेमापोटी आलेले असले, तरी त्याने थकवा वाढतच जातो.

सुरुवात केव्हा करावी

येथे दोन टोकांच्या चुका होतात. पहिल्याच दिवसापासून रुग्णाला वारंवार उठवून उभे करावे अशी घाई काही जण करतात. ही घाई योग्य आहे का, हे पाच देशांतील २१०४ रुग्णांवर तपासण्यात आले. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात, पहिल्या २४ तासांत वारंवार आणि जास्त प्रमाणात हालचाल करवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारातील रुग्णांच्या तुलनेत कमी समाधानकारक निघाली. त्यानंतर जर्मनीत २०० रुग्णांना पक्षाघातानंतर ५ ते ४५ दिवसांच्या काळात ट्रेडमिलवर एरोबिक व्यायाम देऊन पाहण्यात आला. २०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या त्या निष्कर्षांत विश्रांतीच्या गटापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रासाचे प्रसंग अधिक घडले.

यावरून मी व्यवहारात असा अर्थ घेते की, दवाखान्यातले दिवस बसणे, उभे राहणे आणि थोडे चालणे यांसाठी आहेत. त्या काळात नाडी विश्रांतीच्या आकड्यापेक्षा १० ते २० ठोक्यांपेक्षा जास्त वाढू देऊ नये. दमसास वाढवण्याचा खरा कार्यक्रम रक्तदाब स्थिरावल्यावर, औषधे बसल्यावर आणि डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्यावर सुरू करावा. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या बाबतीत ही परवानगी उशिरा मिळते आणि तो उशीर सोसावा. दुसरे टोक मात्र मला अधिक वेळा भेटते. सहा महिने, वर्ष उलटून गेल्यावर 'आता काय उपयोग' म्हणून काहीच न करणे, ही ती चूक होय. ज्यांना पक्षाघात होऊन वर्षे लोटली आहेत, त्यांचाही दमसास आणि चाल एरोबिक व्यायामाने सुधारते, हे अनेक चाचण्यांतून दिसून आलेले आहे.

पहिली पायरी : कागद आणि तपासण्या

सीपीआर या सरकारी रुग्णालयातून असो वा खासगी दवाखान्यातून, घरी सोडताना मिळालेला कागद आधी काढून ठेवावा. डॉक्टरांना नेमके विचारावे की, घरी चालण्याचा किंवा सायकलचा व्यायाम वाढवत नेण्यास हरकत आहे का, आणि रक्तदाबाची वरची मर्यादा काय ठेवायची. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आलेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही अडथळा असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून ईसीजी आणि बहुधा टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला असणे आवश्यक आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करता आली तर उत्तम. ती झेपत नसेल, तर पुढे दिलेली सहा मिनिटांची चाल उपयोगी पडते.

औषधांची यादी हा या पायरीचा गाभा आहे आणि हे मी माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकले. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तरुणपणी तालमीत घुमलेले, साठ वर्षांचे एक काका येत असत. मी पुस्तकातल्या गणिताने त्यांना नाडीचा ११० ते ११८ हा आकडा ठरवून दिला. तो आकडा काही केल्या येत नव्हता आणि ते गृहस्थ जिद्दीने वेग वाढवत राहिले. एके दिवशी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, ओठ कोरडे झाले आणि ते पायडलवर पाय ठेवूनच एका बाजूला कलले. नाडी तेव्हाही ९२ होती. त्यांना रोज मेटोप्रोलोलची गोळी चालू होती, ती नाडी वाढूच देत नव्हती, आणि मी यादी वाचली नव्हती. पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांना फोन एवढ्यावर ते निभावले. तेव्हापासून औषधांची पिशवी जमिनीवर ओतून एकेक पाकीट वाचल्याशिवाय मी कोणाला आकडा देत नाही. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर नाडीवर विसंबू नये. हृदयाची गती मुळातच अनियमित असेल तरीही विसंबू नये, कारण अशा वेळी पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेली नाडी फसवी असते.

रक्तातील गुठळी रोखणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्यायामात पडून डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे.

दुसरी पायरी : आजचा दम मोजणे

वस्तादाला नव्या पोराचा दम आखाड्यात उतरवल्याशिवाय कळत नाही, तसेच येथेही आहे. घरात, गच्चीवर किंवा वर्दळ नसलेल्या बोळात दहा मीटर लांबीची सपाट जागा मोजावी आणि दोन्ही टोकांना खडूने रेघ ओढावी. रुग्णाला दहा मिनिटे स्वस्थ बसवून नाडी आणि रक्तदाब लिहून घ्यावा. मग नेहमीची काठी, पायातला स्प्लिंट (घोटा सरळ धरून ठेवणारा आधार), बूट यांसह, स्वतःच्या वेगाने, सहा मिनिटे जितके जमेल तितके चालण्यास सांगावे. मध्ये थांबले तरी चालते, घड्याळ मात्र थांबवू नये. टोकाला जागच्या जागी गर्रकन वळू देऊ नये, चार-पाच लहान पावलांत वळवावे, कारण पडण्याचे प्रसंग सरळ चालण्यापेक्षा वळतानाच अधिक येतात.

समजा, अठरा वेळा दहा मीटर झाले, म्हणजे १८० मीटर. याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर येतो. पुनर्वसनात सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाचा माणूस प्रामुख्याने घरापुरता चालतो आणि ०.८ मीटरपेक्षा जास्त वेगाचा माणूस बाहेर मोकळेपणाने वावरू शकतो, असा ठोकताळा वापरला जातो. म्हणजे हा रुग्ण मधल्या टप्प्यात आहे. गल्लीतल्या दुकानापर्यंत तो जाईल, पण महाद्वार रोडच्या गर्दीत त्याला नेण्याची वेळ अजून आलेली नाही. हे अंतर, चालण्याआधीची आणि नंतरची नाडी आणि 'किती दमलो' याचे उत्तर एका वहीत तारखेसह लिहावे. ही वही पुढे फार कामाला येते.

तिसरी पायरी : प्रकार निवडणे

ज्यांना आधाराशिवाय उभे राहता येत नाही, त्यांनी हाताच्या खुर्चीत बसून सुरुवात करावी. खुर्चीसमोर जमिनीवर ठेवायचे छोटे पायडलयंत्र मिळते, ते उपयोगी आहे. लुळे पाऊल पायडलवरून घसरू नये म्हणून ते रुंद पट्ट्याने बांधावे, पण दोरी वापरू नये. त्या पायाला संवेदना कमी असते, त्यामुळे दोरीने कातडी सोलली तरी रुग्णाला कळत नाही. व्यायाम झाल्यावर पाऊल आणि घोटा दोन्ही बाजूंनी पाहावा. यंत्र नसेल तर बसल्या जागी पाय आळीपाळीने उचलून 'मार्चिंग' करणे आणि खुर्चीतून उठून पुन्हा बसणे, हेही लयीत केले तर एरोबिकच होते. पाठीला टेकू असलेली बैठी सायकल मला सगळ्यात सुरक्षित वाटते. साधी उंच सायकल तोल चांगला असल्याशिवाय देऊ नये.

महागडे यंत्र नाही म्हणून खंत करणाऱ्या घरांना मी २०११ सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगते. ४०८ रुग्णांपैकी काहींना शरीराचे वजन पट्ट्यांनी तोलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चालवले, तर काहींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांच्या चालण्यातील सुधारणेत फरक निघाला नाही. हा अभ्यास चालीविषयीचा होता, दमाविषयीचा नव्हता. तरीही यंत्राशिवाय काही होतच नाही, हा समज त्याने दूर व्हायला हरकत नाही.

ज्यांना चालता येते, त्यांच्यासाठी चालणे हाच मुख्य व्यायाम. येथे पादत्राणांविषयी बोललेच पाहिजे. कोल्हापुरी चप्पल हा आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा विषय आहे, पण पक्षाघातानंतर चालण्याच्या व्यायामाला ती घालू नये. तिला टाचेमागे पट्टा नसतो, त्यामुळे ती पायात धरून ठेवण्यासाठी रुग्ण बोटे आवळतो, आणि पाऊल उचलण्याचे स्नायू अशक्त असताना चप्पल पुढून मुडपते. ओल्या फरशीवर चामड्याचा तळ घसरतो तो वेगळाच. टाच बंद असलेला, पुढे रुंद, वजनाला हलका, चिकटपट्टीचा बूट घ्यावा. महिन्याभराने तो उलटा करून तळ पाहावा. लुळ्या बाजूच्या बुटाची पुढची बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली असेल, तर पाऊल अजून घासत आहे. चालताना फरशीवर 'खर्र' असा आवाज येत असतो, तोही तेच सांगतो. अशा वेळी घोट्याचा स्प्लिंट लागेल का, हे फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

पोहण्याविषयीही विचारणा होते, कारण पंचगंगेत पोहत मोठी झालेली पिढी येथे आहे. पक्षाघातानंतर फिट (आकडी) येण्याची शक्यता असते आणि एका हातापायाने पाणी कापताना शरीर एका बाजूला वळते, म्हणून नदीत किंवा तळ्यात उतरू नये.

चौथी पायरी : तीव्रता ठरवणे

सर्वसाधारण शिफारस अशी आहे की, आठवड्यातून ३ ते ५ दिवस, दर वेळी २० ते ६० मिनिटे, आणि नाडीच्या राखीव क्षमतेच्या ४० ते ७० टक्के इतक्या तीव्रतेने व्यायाम करावा. राखीव क्षमता काढण्याची रीत सोपी आहे. २२० मधून वय वजा करावे, त्यातून विश्रांतीची नाडी वजा करावी. साठ वर्षांच्या माणसाची विश्रांतीची नाडी ७६ असेल, तर १६० वजा ७६ म्हणजे ८४. त्याचे ४० टक्के सुमारे ३४. ते ७६ मध्ये मिळवले की ११० हा खालचा आकडा मिळतो. ७० टक्क्यांनी वरचा आकडा १३५ येतो. घरी देखरेखीशिवाय सुरुवात करणाऱ्याने पहिला महिना खालच्या टोकापाशीच राहावे.

नाडी कमी ठेवणारी गोळी चालू असलेल्यांसाठी, आणि खरे तर सगळ्यांसाठीच, दुसरे माप हाताशी असावे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची मोजपट्टी त्यासाठी जगभर वापरतात. ६ म्हणजे अगदी आरामात, ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे थोडे कष्टाचे, १५ म्हणजे कष्टाचे, २० म्हणजे आता जराही नाही. आपल्याला ११ ते १४ यांच्यामध्ये राहायचे आहे. मी हे आकडे मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून समोरच्या भिंतीला लावायला सांगते. बोलून पाहणे ही त्याहून सोपी खूण. पूर्ण वाक्य बोलता आले, पण गाणे म्हणता आले नाही, तर वेग बरोबर आहे. तीन शब्दांवर श्वास तुटत असेल, तर वेग जास्त आहे.

ज्या रुग्णांची वाचाच गेली आहे, त्यांना ही खूण लागू पडत नाही आणि घरचे येथे गोंधळतात. त्यांना पुठ्ठ्यावरच्या आकड्यावर बोट ठेवायला शिकवावे. तेही जमत नसेल, तर नाकपुड्या फुलणे, खांदे श्वासाबरोबर वर येणे, कपाळावर आठ्या पडणे आणि पाऊल पूर्वीपेक्षा जास्त घासू लागणे, या चार गोष्टींवर घरच्यांनी लक्ष ठेवावे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा होऊन डावी बाजू लुळी पडलेल्या काही रुग्णांना आपल्या डाव्या बाजूचे भानच राहत नाही आणि ते स्वतःच्या ताकदीचा अंदाज जास्त बांधतात. त्यांनी 'काही दमलो नाही' म्हटले, तरी त्यावर विसंबू नये.

ते तालमीतले काका मला म्हणाले होते, "घाम निघंना तर व्यायाम कसला ओ मॅडम?" या गावात हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण जोर, बैठका, सपाटे काढताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब काही क्षणांत फार वर जातो. एकदा मेंदूची रक्तवाहिनी दगावलेल्या माणसाने तो धोका पत्करू नये. व्यायामात मोठ्याने आकडे मोजण्याची सवय लावली, की श्वास आपोआप सुटा राहतो.

पाचवी पायरी : बारा आठवड्यांची आखणी

पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, व्यायाम ठेवावा. पाच मिनिटे अगदी हळू चालून किंवा बसून पाय हलवून अंग गरम करावे, मग दोन मिनिटे चालणे आणि एक मिनिट उभ्याने किंवा बसून विसावा, असे पाच वेळा, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे मंद हालचाल. म्हणजे प्रत्यक्ष मेहनत दहा मिनिटांचीच होते. ती फार थोडी वाटते, पण तेवढीच ठेवावी.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात चालण्याचा तुकडा तीन मिनिटांचा करावा. पाचव्यापासून आठव्यापर्यंत विसावे कमी करत सलग दहा मिनिटे आणि मग सलग वीस मिनिटांपर्यंत यावे. एका वेळी वीस मिनिटे जमत नसतील, तर सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटे केली तरी चालतात. आधी वेळ वाढवावा, मग दिवस आणि सगळ्यात शेवटी वेग. एकाच आठवड्यात दोन गोष्टी वाढवू नयेत. नवव्या ते बाराव्या आठवड्यात आठवड्यातील चार-पाच दिवस, वीस ते तीस मिनिटे, बोर्गच्या १२ ते १४ या आकड्यांपर्यंत पोहोचता येते. आठ आठवड्यांच्या आत फायदा मोजायला बसू नये. शरीराला तेवढा अवधी लागतोच.

व्यायामानंतरचा थकवा तासाभरात उतरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळीही माणूस गळून गेलेला असेल, तर मागच्या आठवड्याच्या मापावर परत यावे. मात्र पक्षाघातानंतरचा एक थकवा असा असतो की, तो न राबताही येतो, झोपेने जात नाही, आणि त्यामागे कधी उदासीही असते. रुग्ण बोलेनासा झाला असेल, जेवणावरची वासना गेली असेल, 'मला कशाला जगवलंत' असे म्हणत असेल, तर केवळ व्यायामाचा आग्रह धरू नये, डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत.

एक सकाळ, रंकाळ्यावर

घरातली दहा मीटरची जागा कंटाळवाणी होते. आठव्या आठवड्यानंतर मी अनेकांना रंकाळ्यावर न्यायला सांगते. तलावाचा पूर्ण फेरा सुमारे चार किलोमीटरचा आहे, तो डोळ्यांसमोर ठेवू नये. पदपथाचा सपाट, बसायला बाकडी असलेला तुकडा निवडावा आणि दोन बाकड्यांमधले अंतर हेच माप धरावे.

सकाळी साडेसहाला निघायचे असेल, तर सहाला नाडी, रक्तदाब, आणि मधुमेह असल्यास साखर पाहावी. घरच्या व्यायामासाठी माझा नियम असा की, बसून घेतलेला रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. डॉक्टरांनी याहून खालची मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्याची साखर १०० च्या खाली असेल, तर आधी केळे किंवा दोन बिस्किटे खाऊन, पुन्हा तपासून मगच निघावे. साखर २५० च्या वर असून अंगात कणकण किंवा मळमळ असेल, तर निघू नये. सकाळची गोळी व्यायामासाठी टाळू नये. गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला वाटेत घाईने पाणी पाजू नये, त्याला जसे घट्ट करून द्यायला सांगितले असेल तसेच, बसवून, घोटाघोटाने द्यावे.

सोबत्याने लुळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे चालावे. कमरेला बांधलेला रुंद कापडी पट्टा पाठीमागून मुठीत, तळहात वर करून धरावा. लुळा हात धरून कधीही ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल पडल्याने सांधा सहज निसटतो आणि मग खांद्याचे दुखणे चालण्यापेक्षा मोठे होऊन बसते. पडू लागला तर अडवून धरण्याच्या नादात दोघेही पडतात, म्हणून पट्ट्याने स्वतःकडे घेत सावकाश खाली बसवावे. चालत असताना प्रश्न विचारू नयेत. पुष्कळ रुग्ण उत्तर द्यायला थांबतात, आणि न थांबणारे अडखळतात. बोलण्याची परीक्षा घ्यायची तर बाकड्यापाशी थांबण्याच्या क्षणी घ्यावी. ओळखीची माणसे भेटतात, 'कसं काय, बरं हाय न्हवं?' म्हणून पाठीवर थाप मारतात. त्यांना सोबत्याने हाताने खूण करून बाकड्याकडे बोलवावे.

शेवटची पाच मिनिटे मंद चालून मगच बसावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने एकदम थांबले, की रक्त पायांत साचते आणि भोवळ येते. घरी आल्याबरोबर कढत पाण्याने अंघोळ करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा.

पावसाळ्यात पदपथ निसरडे होतात आणि कोल्हापूरचा पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. ते तीन-चार महिने घरातली खडूची रेघ, पायडलयंत्र आणि खुर्ची यांवर काढावेत, खंड पडू देऊ नये. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटोपावे. तांबडा-पांढरा रस्सा महिन्यातून एखादे वेळी चालेल, पण रोजच्या मिठाला आळा घातल्याशिवाय रक्तदाब आटोक्यात राहत नाही आणि तो आटोक्यात नसेल, तर या लेखातला कुठलाच आकडा वापरता येत नाही.

लगेच थांबायचे केव्हा

छातीत दाब किंवा दुखणे, डाव्या हातात अथवा जबड्यात कळ, नाडीचे ठोके चुकल्यासारखे वाटणे, भोवळ, थंड घाम, थांबूनही पाच मिनिटांत न उतरणारी धाप, आणि व्यायाम वाढवत असताना रक्तदाब वाढण्याऐवजी खाली येणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावे. छातीतली कळ थांबल्यावरही जात नसेल, तर थेट १०८ ला फोन करावा.

चेहरा नव्याने वाकडा होणे, हात गळणे, बोलणे बोबडे होणे, अचानक तोल जाणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे, ही नव्या पक्षाघाताची लक्षणे आहेत. ती पहिल्या पक्षाघाताचीच राहिलेली असतील अशी समजूत करून घेऊ नये. घड्याळ पाहून वेळ लिहावी, १०८ ला फोन करावा, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते द्यायचे की नाही हे स्कॅन झाल्यावरच ठरते. वाटेत पाणी, गोळी, काहीही तोंडात घालू नये.

बारा आठवड्यांनंतर

खडूच्या त्याच रेघांमध्ये, त्याच बुटांत, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी सहा मिनिटांची चाल पुन्हा मोजावी. अशा व्यायामाच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर या अंतरात सरासरी तीसेक मीटरची भर पडलेली दिसते, आणि ५० मीटरची वाढ झाली तर ती रुग्णाला स्वतःला रोजच्या वावरात जाणवते. अंतर तेवढेच राहिले, पण तेवढ्याच चालीला नाडी कमी वाढली किंवा बोर्गचा आकडा १५ वरून १२ वर आला, तर तीही कमाईच आहे आणि ती वहीत लिहावी. हात पूर्वीसारखा होईल का, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. दमाचा व्यायाम त्याचे उत्तर देत नाही, हे मी स्पष्ट सांगते. हाताचे व्यायाम वेगळे चालू ठेवावेच लागतात.

ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. नियमित चालणाऱ्याचा रक्तदाब आणि साखर काही वेळा एवढी उतरते की, जुन्याच मात्रेत गोळ्या चालू ठेवल्या तर उठताना भोवळ येऊ लागते. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टर वहीतल्या सकाळच्या आकड्यांवरून ठरवू शकतात. गोळी आपल्या मनाने सोडू नये.